बंद डब्यातली बॅटरी बाहेरून चुंबकाने चालू-बंद करायची आहे: रीड स्विच की हॉल सेन्सर?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आंबोलीच्या आसपास पाऊस मोजणारी छोटी यंत्रं बसवायचं आमच्या गटाचं काम चालू आहे. प्रत्येक ठिकाणी एक टिपिंग बकेटचं पर्जन्यमापक, त्याच्या शेजारी पॉलिकार्बोनेटचा गॅस्केटवाला डबा, डब्यात कंट्रोलर, लोरा रेडिओ (कमी वीज खाऊन दूरवर छोटे संदेश पाठवणारा) आणि एक १८६५० सेल, म्हणजे दंडगोल लिथियम सेल. तिथला पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो, त्यामुळे आमचा एकच नियम आहे: जून ते सप्टेंबर झाकणाला हात लावायचा नाही.

अडचण स्विचची आहे. टॉगल स्विच बसवायचा तर डब्याला भोक पाडावं लागतं. त्यावरची रबरी टोपी ऊन-पाऊस खाऊन कडक होते आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. म्हणून भोक न पाडता बाहेरून चुंबक लावून आतला पुरवठा चालू-बंद करावा असं ठरलं आहे.

रेडिओ पाठवतो तेव्हा साधारण १२० मिलिअँपिअर लागतात, एरवी सगळं झोपलेलं असतं. पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. डबे मार्चमध्ये जुळवून होतात आणि जूनपर्यंत कपाटात पडून राहतात. त्या काळात सेल उतरता कामा नये.

रीड स्विच (काचेच्या नळीतल्या पट्ट्या चुंबक जवळ आलं की जुळतात तो) थेट बॅटरीच्या तारेत चालेल का? की हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप) घ्यावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

सोल्डरधूर

थेट तारेत टाका. रीड अर्धा अँपिअर सहज झेलतो, तुमचे १२० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. जितके कमी भाग तितकी कमी दुखणी.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

सोल्डरधूर, कमी भागांचं तुमचं म्हणणं मला पटतं, पण इथे तो कपॅसिटर आडवा येतो. स्विच जुळतो त्या क्षणी ४७० मायक्रोफॅरड पूर्ण रिकामा असतो आणि बॅटरीला तो जवळजवळ शॉर्टच दिसतो. वाटेतला एकूण रोध ०.२ ओहम धरला तर ४ व्होल्टला क्षणभर २० अँपिअर वाहू शकतात. रीडच्या आत निकेल-लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या असतात, टोकांवर ऱ्होडियम किंवा रुथेनियमचा पातळ थर असतो. त्या जुळताना एकदा आपटून किंचित उडतात आणि नेमक्या तेव्हाच ठिणगी पडते. काही वेळा निभावतं, मग एक दिवस पट्ट्या चिकटतात. चुंबक काढलं तरी सुटत नाहीत. डेटाशीटमधला अर्धा अँपिअर साध्या रोधाच्या लोडसाठी असतो, कपॅसिटर भरण्यासाठी नव्हे.

म्हणून चुंबकाच्या स्विचमधून लोडचा प्रवाह कधीच जाऊ देऊ नये. तो पी-चॅनल मॉसफेटमधून, म्हणजे गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून जाऊ द्या, रीडकडे फक्त गेट सांभाळायचं काम द्या. पाटाचं दार उघडणारा माणूस पाण्यात उभा राहत नाही, तसंच हे.

जोडणी अशी: मॉसफेटचा सोर्स बॅटरीच्या धन टोकाला, ड्रेन लोडकडे. गेट सोर्सच्या व्होल्टेजला असेल तर पुरवठा बंद, गेट शून्याकडे ओढलं की चालू. एका लिथियम सेलवर एओ३४०१ उत्तम चालतो. २.५ व्होल्टच्या गेटलाही तो नीट उघडतो आणि त्याचा रोध शंभर मिलिओहमच्या आत राहतो. म्हणजे १२० मिलिअँपिअरला फार तर १२ मिलिव्होल्ट वाया जातील.

आयआरएफ९५४० कृपया घेऊ नका. दुकानात तोच आधी हातात देतात, पण तो पूर्ण उघडायला गेटला १० व्होल्ट लागतात. ३.७ व्होल्टवर तो अर्धवट उघडेल आणि रेडिओ पाठवायला लागला की कंट्रोलर रीसेट होत राहील.

---

ईटीसी_तिसरं_वर्ष

काका, मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अगदी हेच जोडलंय. एओ३४०१, गेट ते सोर्स १ मेगाओहम, गेट ते ग्राउंड रीड. पण चुंबक नसतानाही लोडला ३.५ व्होल्ट मिळतात, चुंबक आणलं की ४.१. पूर्ण बंद कधी होतच नाही. मॉसफेट बदलून पाहिला, तेच.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. फरक ०.६ व्होल्टचा, म्हणजे वाटेत एक डायोड आहे. प्रत्येक मॉसफेटच्या पोटात ड्रेन ते सोर्स असा एक डायोड असतोच. पी-चॅनलमध्ये त्याची दिशा ड्रेनकडून सोर्सकडे. तुमच्या बोर्डवर सोर्स आणि ड्रेनची अदलाबदल झाली आहे, त्यामुळे गेट काहीही सांगो, डायोड प्रवाह जाऊ देतोच. तीन पायांच्या त्या छोट्या पॅकेजमध्ये एकटा असलेला पाय ड्रेन, जोडीतला १ क्रमांकाचा गेट, २ क्रमांकाचा सोर्स. तपासून सांगा.

---

ईटीसी_तिसरं_वर्ष

झालं काका! आता चुंबक नसताना शून्य. खूप आभार.

---

हॉलवाला

रीडची इतकी भलामण झाली, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. रीड म्हणजे काचेची नळी. पाय वाकवताना काचेजवळ जोर पडला की सील तडकतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. पुढे आत दमट हवा शिरते आणि संपर्क खराब होतो. घाटातल्या रस्त्यावर जीपमध्ये आदळत गेलेल्या डब्यात काच नको. हॉल सेन्सरमध्ये हलणारं काहीच नसतं. एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर जो परिणाम पाहिला, तोच आज सिलिकॉनवर मोजला जातो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दुकानात ‘हॉल सेन्सर’ मागितला की ए३१४४ मिळतो. तो इथे अजिबात नको. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणजे एका लिथियम सेलवर तो मुळातच बसत नाही, आणि चालू असताना तो सतत काही मिलिअँपिअर खातो. बॅटरीच्या कामासाठी वेगळी जात असते, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डीआरव्ही५०३२ किंवा तसले. हे सेन्सर क्षणभर जागे होऊन क्षेत्र मोजतात आणि पुन्हा झोपतात, सेकंदाला मोजक्याच वेळा. सरासरी खर्च एक-दोन मायक्रोअँपिअर.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

हॉलवाला, तुमचा काचेचा मुद्दा पूर्ण मान्य. मोटरसायकल, पंप, कंप्रेसर, जिथे सतत थरथर आहे तिथे मीही हॉलच घेईन. पण घाटमाथांचा डबा एकदा खांबावर बसला की चार महिने हलणार नाही. रीडला स्वतःचा पुरवठा लागत नाही हा त्याचा खरा मोठेपणा. बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूडने १९३६ मध्ये तो बनवला आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याने वर्षानुवर्षं काम केलं, तेही याच साधेपणामुळे.

पाय वाकवताना काच आणि वाकवायची जागा यांच्यामध्ये बारीक पक्कड धरायची. वाकण काचेपासून निदान तीन मिलिमीटर दूर ठेवायचं. पाय कापून आखूड केले तर रीडची संवेदनशीलता कमी होते, कारण चुंबकीय रेषा गोळा करणारं लोखंडच तुम्ही कापलेलं असतं. आणि रीडवर थेट कडक इपॉक्सी ओतू नका. ती सुकताना आवळते आणि काच तडकते. आधी मऊ सिलिकॉनचा थर द्या.

---

रानवाटा

वन्यप्राण्यांच्या रेडिओ कॉलरवर काम केलंय, म्हणून लिहिते. तिथे ही पद्धत फार जुनी आहे. ट्रान्समीटर पूर्ण इपॉक्सीत ओतलेला असतो आणि वरून चुंबक चिकटपट्टीने बांधून येतं. चुंबक असेपर्यंत आतला रीड बॅटरी तोडून ठेवतो. प्राण्याला कॉलर घालायच्या आधी चुंबक काढायचं आणि रिसीव्हरवर टिक-टिक ऐकू आली की मगच पुढे जायचं. ते ऐकल्याशिवाय कॉलर बांधायची नाही, हा शिस्तीचा भाग.

घाटमाथा, तुम्हीही ‘चुंबक असताना बंद’ हीच पद्धत ठेवा. रानात चुंबक पडलं, कुणी काढून नेलं, माकडाने उचकटलं, तरी यंत्र चालूच राहतं. उलट पद्धतीत चुंबक पडलं की नोंद थांबते आणि ते कुणाला कळतही नाही.

कपाटात मात्र याची उलटी काळजी. दोन चुंबकं एकमेकांना ओढून जागची सरकतात आणि सुटलेला ट्रान्समीटर गुपचूप चालू होतो. प्रत्येक नग वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि चुंबक चांगलं घट्ट बांधा.

---

सोल्डरधूर

कपॅसिटरचं पटलं, मॉसफेटच हवा. पण चुंबक सतत बांधून ठेवण्यापेक्षा टॉगल का नको? एकदा टेकवलं की चालू, परत टेकवलं की बंद. सीडी४०१३ फ्लिपफ्लॉप (चालू की बंद ही अवस्था लक्षात ठेवणारी आयसी): पाय २ ला ५ जोडा, तोच मॉसफेटच्या गेटला, रीड पाय ३ च्या क्लॉकवर, पाय ४ वर सुरुवातीचा रीसेट, म्हणजे बॅटरी लावल्यावर बंद अवस्थेत येईल. पाय ६ ग्राउंडला. स्थिर असताना आयसीचा खर्च नगण्य. खिशात एक चुंबक घेऊन फिरा, सगळी यंत्रं त्यावर चालतात.

---

हॉलवाला

सर्किट बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी जोडतो. रीड जुळताना उड्या मारतो, म्हणून आरसी फिल्टर लागेल. पण ४०१३ च्या क्लॉकला हळू चढणारी कड चालत नाही. ५ व्होल्टला १५ मायक्रोसेकंदांच्या आत चढावी लागते, नाहीतर एका टेकवण्यात दोनदा टॉगल होईल. म्हणून मध्ये ४०१०६ सारखा श्मिट ट्रिगर, म्हणजे हळू कड झटक्यात बदलणारी आयसी, हवी. शिवाय न वापरलेल्या अर्ध्या भागाचे पाय ८, ९, १०, ११ ग्राउंडला जोडा. मोकळे ठेवले तर ते इकडेतिकडे तरंगतात आणि आयसी उगाच प्रवाह खातो.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

मेजावरच्या उपकरणासाठी टॉगल छान आहे. डोंगरावर एकट्या ठेवलेल्या यंत्राला तो मी लावणार नाही. कारण सांगतो.

ऑगस्टमध्ये सेल थोडा उतरला, गारठ्यात रेडिओने प्रवाह ओढला आणि व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, असं समजा. फ्लिपफ्लॉप ते विसरतो. व्होल्टेज परत आलं की सुरुवातीचा रीसेट त्याला बंद अवस्थेत टाकतो. आता कुणीतरी चढून जाऊन चुंबक टेकवेपर्यंत पाऊस मोजला जाणार नाही. रीडने धरलेल्या गेटला लक्षात ठेवण्यासारखं काही नसतंच. व्होल्टेज आलं की यंत्र आपोआप उठतं. चार महिन्यांच्या नोंदीत मधेच पडलेलं भगदाड कोणत्याही गणिताने भरून काढता येत नाही. म्हणून इथे आठवण ठेवणारा स्विच नको, ही माझी ठाम भूमिका आहे.

तर घाटमाथा, तुमच्यासाठी असं सुचवतो. रानवाटा ताईंच्या पद्धतीप्रमाणे रीड गेट आणि सोर्सच्या मध्ये, त्याच्याशी एकसरीत १ किलोओहम. गेट ते ग्राउंड ४७० किलोओहम. गेट ते सोर्स १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

चुंबक आहे: रीड जुळलेला, गेट सोर्सला बांधलेलं, लोड बंद. या अवस्थेत ४७० किलोओहममधून साधारण ८.५ मायक्रोअँपिअर वाहतात. शंभर दिवसांत सुमारे २० मिलिअँपिअर-तास. २६०० च्या सेलमध्ये हे एक टक्क्याहून कमी, सेल स्वतःहून उतरतो त्यापेक्षा जास्त नाही.

चुंबक काढलं: गेट हळूहळू शून्याकडे जातं, ४७० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडमुळे काही दशक मिलिसेकंद घेऊन. त्यामुळे तुमचा ४७० मायक्रोफॅरड सावकाश भरतो आणि सेलचं संरक्षण सर्किट दचकून तुटत नाही. चालू अवस्थेत या सगळ्याचा खर्च शून्य.

---

ईटीसी_तिसरं_वर्ष

काका, ४७० किलोओहमच्या जागी १० मेगाओहम घातला तर बंद असतानाचा खर्च आणखी कमी होईल ना? आमच्या सरांनी मोठा रोध घ्यायला सांगितलं होतं.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

कोरड्या खोलीत सरांचं बरोबर आहे. आंबोलीच्या दमटपणात बोर्डवर ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि फ्लक्स नीट धुतला नसेल तर दोन पायांमध्ये काही मेगाओहमची गळती सहज तयार होते. गेट आणि बॅटरीच्या धन टोकात अशी गळती झाली आणि खाली १० मेगाओहम असला, तर गेट मध्येच कुठेतरी लटकतं. मॉसफेट अर्धवट उघडा राहतो. ४७० किलोओहम असेल तर गळती त्याच्यापुढे किरकोळ ठरते. बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, कोरडा करा आणि वर कन्फॉर्मल लॅकर मारा. मायक्रोअँपिअर वाचवण्याच्या नादात यंत्राचा भरवसा घालवू नका.

---

लॅमिंग्टन_रोड

खरेदीबद्दल: एओ३४०१ सुटा कुठेही मिळतो, पण तो तांदळाएवढा असतो. सोबत सॉट-२३ चा (त्या तीन पायांच्या छोट्या पॅकेजचा) अ‍ॅडाप्टर बोर्ड घ्या म्हणजे साध्या बोर्डवर बसवता येईल. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत आमच्याकडे, दोन्ही वस्तू मिळतात. रीड १४ मिलिमीटर काचेचा, ‘नॉर्मली ओपन’ (चुंबक नसताना उघडा) सांगून घ्या आणि मल्टिमीटरच्या बीपवर चुंबक फिरवून तिथेच तपासा.

---

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या सर्किटने टेबलावर पहिला बोर्ड चालू झाला. आता बसवण्याबद्दल विचारायचं आहे. गोल चपटं निओडिमियम चुंबक डब्याच्या भिंतीवर रीडच्या अगदी बरोबर मधोमध ठेवलं तर काहीच होत नाही, बाजूला सरकवलं की लगेच लागतं. चुंबक कमकुवत म्हणायचं का?

---

हॉलवाला

चुंबक चांगलं आहे, दिशा वेगळी आहे. रीडच्या पट्ट्या जुळायला चुंबकीय रेषा पट्ट्यांच्या लांबीतून जायला हव्यात. चपट्या चुंबकाचा ध्रुव रीडच्या बरोबर मध्यावर टेकवला की दोन्ही पट्ट्यांत रेषा विरुद्ध दिशांनी जातात आणि फटीत ओढ उरत नाही. एका टोकाकडे सरकवा किंवा कांडीसारखं चुंबक रीडला समांतर ठेवा. हॉल सेन्सरचं याच्या उलट: रेषा चिपच्या चपट्या बाजूला काटकोनात यायला हव्यात, म्हणजे तिथे मधोमधच ठेवायचं.

अंतराचंही बघा. दूरवर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं. अंतर दुप्पट झालं की एक अष्टमांश. त्यामुळे रीड डब्याच्या भिंतीला टेकवूनच बसवा.

---

सह्यकडा

इतकी चर्चा झाली, पण पर्जन्यमापकाबद्दल एक मोठी गोष्ट राहिली. टिपिंग बकेटमध्येही एक चुंबक आणि एक रीड असतोच! बकेट कलंडली की चुंबक रीडसमोरून जातं आणि एक टिप मोजली जाते, बहुतेक यंत्रांत ०.२ मिलिमीटर पाऊस. तुम्ही पुरवठ्यासाठी बाहेर जोरदार निओडिमियम लावणार आणि ते काढून शेजारच्याच खांबावर चिकटवून ठेवणार. ते मोजणीच्या रीडजवळ आलं तर तो रीड कायमचा जुळलेला राहील. बकेट कलंडत राहील आणि मोजणी शून्य. नोंद पाहणाऱ्याला वाटेल पाऊसच नाही. उलट बाजूने, बकेटच्या चुंबकाने पुरवठ्याचा रीड हलायला नको, नाहीतर प्रत्येक टिपेला पुरवठा तुटेल.

डब्याची मापकाच्या विरुद्ध बाजूची भिंत पुरवठ्याच्या रीडसाठी वापरा. काढलेलं चुंबक तिथे ठेवूच नका, खाली घेऊन या. आणि बसवल्यावर बाटलीने मोजून पाणी ओता, टिपा बरोबर येतात का पाहा, मगच उतरा.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

सह्यकडा, हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

---

दवाखाना

एक विनंती सगळ्या गटाला. तुमच्यापैकी कुणाला किंवा मदत करणाऱ्या गावकऱ्यांपैकी कुणाला पेसमेकर किंवा हृदयाचं इम्प्लांट असेल तर ही चुंबकं त्यांच्या हातात देऊ नका, शर्टाच्या खिशात तर नाहीच. त्या उपकरणांतही चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. चुंबक जवळ आलं की पेसमेकर ठरावीक गतीने चालू लागतो आणि झटका देणाऱ्या उपकरणात तो झटका रोखला जाऊ शकतो. निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

---

घाटमाथा

डॉक्टर, हे आजच गटावर टाकतो.

ठरलेलं लिहितो. रीड मापकाच्या विरुद्ध भिंतीला आतून सिलिकॉनमध्ये. बाहेर त्याच जागी ३डी प्रिंट केलेला खाचेचा कप्पा, त्यात कांडी चुंबक समांतर बसेल आणि दुसऱ्या दिशेने बसणारच नाही. निओडिमियमचा निकेलचा थर खरचटला की ते गंजून भुगा होतं, म्हणून चुंबक इपॉक्सीत बुडवून त्याला लाल दोरी. दोरी दिसली म्हणजे यंत्र बंद. चालू झाल्यावर कंट्रोलर तीनदा एलईडी लुकलुकवेल आणि लगेच एक लोरा संदेश पाठवेल. तो संदेश फोनवर दिसल्याशिवाय खांब सोडायचा नाही. त्यानंतर बाटलीची चाचणी.

सोबतचा रेग्युलेटरही बदलला. आधीच्या बोर्डवर एएमएस१११७ होता, तो एकटाच ५ मिलिअँपिअर खातो. त्या हिशेबाने पूर्ण सेल तीन आठवड्यांत संपला असता, मग स्विच कितीही चांगला असो.

---

शिवारातून

उशिरा लिहितोय. हेच सर्किट १२ व्होल्टच्या फवारणी पंपाला चालेल का? पंपाचा स्विच औषधाने आणि पाण्याने खराब होतो, दरवर्षी बदलावा लागतो. मोटर ३ अँपिअरपर्यंत ओढते.

---

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट

दादा, चालेल, पण चार बदल करा. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगला १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि एओ३४०१ चं गेट १२ व्होल्टपुढे टिकत नाही. गेटला २० व्होल्ट सोसणारा आणि १० अँपिअरच्या वरचा पी-चॅनल मॉसफेट घ्या. १२ व्होल्टवर आयआरएफ९५४० सुद्धा चालेल, त्याला हवं तेवढं गेट व्होल्टेज इथे मिळतं. गेट आणि सोर्सच्या मध्ये १० किंवा १२ व्होल्टचा झेनर टाका. मोटरला समांतर उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद होतानाचा धक्का मॉसफेट जाळेल. १०० नॅनोफॅरड काढून टाका आणि ४७० किलोओहमच्या जागी १० किलोओहम घ्या. मोटरच्या लोडवर मॉसफेट सावकाश उघडला तर तो मधल्या अवस्थेत तापतो.

तुमच्या कामात थरथर आहे, म्हणून रीड नको, हॉल घ्या. तिथे १२ व्होल्ट आहेत आणि काही मिलिअँपिअर खर्च चालतो, त्यामुळे हॉलवाल्यांनी इथे नाकारलेला ए३१४४ तुमच्याकडे अगदी योग्य बसेल. त्याचं आउटपुट ग्राउंडकडे ओढतं, म्हणून जोडणी आधीच्या उलट करा: गेट ते सोर्स १० किलोओहम आणि सेन्सरचं आउटपुट १ किलोओहममधून गेटला. चुंबक टेकवलं की पंप चालू, काढलं की बंद. माणूस पंप पाठीवर घेऊन चालतोय, चुंबक पडलं तर फवारणी थांबायलाच हवी.